वाचक विचारतात : मोटरसायकलमागचा ट्रेलर

तंबू, अंथरूण-पांघरूण, स्टोव्ह आणि पाणी घेऊन मुक्कामी जाणाऱ्या मोटरसायकलस्वारांकडून छोट्या ट्रेलरबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून त्यांची उत्तरं इथे देत आहोत. ट्रेलर ओढायला परवानगी आहे का आणि त्यावर कोणती बंधनं आहेत, हे ठिकाणानुसार बदलतं. त्यामुळे आपल्या भागातले परिवहनाचे नियम आणि गाडीच्या पुस्तिकेतली ट्रेलरविषयीची सूचना खरेदीआधीच वाचून घ्यावी.

प्रश्न : माझ्या मोटरसायकलचं वजन १८० किलो आहे. तिला किती वजनाचा ट्रेलर झेपेल? चढावर इंजिन दमणार नाही ना?

इंजिनाची चिंता बहुतेकांना सगळ्यात आधी वाटते, पण खरी मर्यादा ब्रेकची असते. शंभर मीटरला दहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ९० किलोच्या ट्रेलरसाठी सुमारे ९ किलोची जादा ओढ लागते. तितक्याच वजनाचा माणूस मागे बसला तरी इंजिनावर तेवढाच ताण येतो, आणि तो इंजिन एक गिअर खाली टाकून पेलतं.

ब्रेकचा हिशेब वेगळा आहे. मागे बसलेल्या माणसाचं वजन गाडीच्याच चाकांवर येतं, त्यामुळे टायरची पकडही वाढते. ट्रेलरचं बहुतेक वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं आणि छोट्या ट्रेलरच्या चाकांना सहसा ब्रेक नसतात. म्हणजे थांबवायचं वजन वाढतं, थांबवणारी पकड जवळजवळ तीच राहते. गाडी १८०, स्वार सामानासह ९०, असे २७० किलो धरू. ताशी ८० किलोमीटर वेगात कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लावले तर गाडी साधारण ३६ मीटरमध्ये थांबते. मागे ९० किलोचा ट्रेलर असेल तर ब्रेकचा तेवढाच जोर आता ३६० किलोंना आवरतो आणि अंतर ४८ मीटरच्या घरात जातं. ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेला नाही.

मोजमापाला आधार म्हणून ब्रिटनचा नियम बघण्यासारखा आहे. तिथे मोटरसायकलचं इंजिन १२५ सीसीपेक्षा मोठं हवं. भरलेल्या ट्रेलरचं वजन १५० किलो किंवा मोटरसायकलच्या वजनाच्या दोन-तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्याच्या आत हवं. रुंदी १ मीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि मोटरसायकलच्या मागच्या आसापासून ट्रेलरच्या शेवटापर्यंतचं अंतर अडीच मीटरच्या आत लागतं. तुमच्या गाडीला या हिशेबाने १२० किलो येतात. आमचं मत त्याहून कडक आहे : गाडीच्या वजनाच्या निम्म्यावर, म्हणजे ९० किलोंवर थांबा. आणि पुस्तिकेत ट्रेलर जोडू नये असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर आमच्या किंवा ब्रिटनच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

रिकामा ट्रेलरच ४० ते ५० किलो भरतो. राहिलेल्या ४० किलोंत तंबू ५, दोघांचं अंथरूण ५, स्टोव्ह आणि भांडी ४, दहा लिटर पाणी १०, घडीच्या खुर्च्या आणि टेबल ८, हत्यारं आणि स्पेअर चाक ८ असा संसार नीट बसतो. यापेक्षा जास्त न्यावंसं वाटलं तर आधी टेबल घरी ठेवा.

प्रश्न : ताशी ७०–७५ पर्यंत ट्रेलर शांत असतो. त्यापुढे शेपूट हलवल्यासारखा डावी-उजवीकडे डोलू लागतो. हँडल घट्ट धरलं की डोलणं वाढतं. बॉल-हिच बदलावी का?

हिच म्हणजे गाडीच्या मागे बसवलेला, ट्रेलर जोडायचा जोड; बॉल-हिचमध्ये त्यावर धातूचा गोळा, म्हणजे बॉल असतो. ती बदलण्याआधी वजनकाटा आणा. अशा तक्रारीत दहापैकी बहुतेक वेळा दोष सामान भरण्यात सापडतो. ट्रेलरच्या दांडीचं टोक हिचवर किती वजन टाकतं, यावर त्याचं सरळ चालणं अवलंबून असतं. हे वजन भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं, म्हणजे ९० किलोंना ९ ते १३ किलो. त्याहून कमी झालं की ट्रेलर बैलगाडीसारखा उलाळ होतो, दांडी वर उचलू पाहते आणि ठरावीक वेगाच्या पुढे मागचा भाग डोलू लागतो. वेग वाढेल तसा हा झोका आपोआप विरण्याऐवजी मोठा होत जातो. म्हणूनच ७५ पर्यंत काहीच जाणवत नाही आणि पुढे एकदम भीती वाटते.

मोजायची पद्धत अशी. स्वार बसलेला असताना हिचचा बॉल जमिनीपासून किती उंच राहतो ते टेपने मोजा. ट्रेलर प्रवासाला निघताना भरतो तसाच, पाण्यासकट, पूर्ण भरा. सपाट जमिनीवर घरातला साधा वजनकाटा ठेवा, त्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि दांडीचं टोक मोजलेल्या उंचीवर त्या ठोकळ्यावर टेकवा. आलेल्या आकड्यातून ठोकळ्याचं वजन वजा करा. उंची चुकली तर आकडाही चुकतो, तेव्हा ही पायरी टाळू नका.

वजन कमी भरलं तर जड वस्तू पुढे सरकवा. ट्रेलरच्या आसापासून बॉलपर्यंत १५० सेंटीमीटर अंतर असेल, तर १० किलोचा पाण्याचा कॅन ३० सेंटीमीटर पुढे घेतल्यावर हिचवर २ किलो वाढतात. मात्र सगळंच नाकाशी रेटू नका. मागच्या आसापासून ६० सेंटीमीटर मागे असलेल्या हिचवर १५ किलो टाकले आणि गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर १४० सेंटीमीटर असेल, तर पुढचं चाक सुमारे साडेसहा किलोंनी हलकं होतं आणि मागच्यावर २१ किलो जातात. हँडल हलकं लागतं आणि ओल्या रस्त्यावर पुढचं चाक आधी पकड सोडतं. हिच बनवणाऱ्याने दिलेली कमाल मर्यादा याहूनही कमी असू शकते, तीच पाळावी.

आणखी एक चूक काट्यावर दिसत नाही. स्पेअर चाक मागच्या फळीला आणि हत्यारांची पेटी नाकावर, असं टोकांना टोकं सांभाळून वजन जुळवलं तर काटा बरोबर आकडा दाखवतो, पण ट्रेलर डोलायला लागला की ही दोन टोकाची वजनं तो आवरू देत नाहीत. जड ते आसाच्या जवळ, किंचित पुढे आणि तळाशी. अंथरुणं वर आणि मागे. पाण्याचा कॅन पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा, अर्धा नको.

वजन ठीक असूनही डोलत असेल तर क्रमाने बघा : टायरमधली हवा दोन्ही बाजूंना सारखी आहे का, चाक वर-खाली धरून हलवल्यावर बेअरिंगमध्ये ढिलाई जाणवते का, आणि बॉल व कपलर (दांडीच्या टोकाची, बॉलवर बसून लॉक होणारी वाटी) एकाच मापाचे आहेत का. बाजारात पावणेदोन इंचाच्या थोडा वरचा, म्हणजे ४७.६ मिलिमीटरचा, तसेच ५० मिलिमीटरचा आणि २ इंचाचा म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा असे बॉल मिळतात आणि नजरेला सारखेच दिसतात. ५० च्या कपलरमध्ये ४७.६ चा बॉल बसतो, लॉकही होतो, पण खडखडतो आणि मोठ्या खड्ड्यात निसटू शकतो. बॉलवर माप कोरलेलं असतं, ते वाचा.

चालत्या गाडीत डोलणं सुरू झालं तर थ्रॉटल हळूहळू सोडा, हँडल सैल हातांनी सरळ धरा आणि वेग आपोआप उतरू द्या. झोक्याच्या उलट हँडल फिरवायला गेलात तर तुमचा हात नेहमी अर्ध्या झोक्याने मागे पडतो आणि झोक्यालाच जोर देतो. पुढचा ब्रेक जोरात दाबू नका, कारण ट्रेलर मागून ढकलत असतो. वेग वाढवून ट्रेलर सरळ करायचा प्रयत्न तर मुळीच नको.

प्रश्न : एकचाकी ट्रेलर घ्यावा की दोनचाकी?

कच्चे, अरुंद रस्ते आणि चाळीस-पन्नास किलोंच्या आतलं एकूण वजन असेल तर एकचाकी. तो गाडीच्याच चाकोरीतून येतो, गाडीबरोबर झुकतो आणि खड्डा गाडीने चुकवला की त्यानेही चुकवलेला असतो. त्याच्या जोडाला उभी आणि आडवी अशा दोन पिना असतात. दांडी डावी-उजवीकडे आणि वर-खाली वळते, पण पिळत नाही. म्हणूनच ट्रेलर पडत नाही, आणि म्हणूनच त्याचा तोल मोटरसायकलला सांभाळावा लागतो. उंच सामान भरलं तर सिग्नलला पाय टेकवताना ते खांद्याला जाणवतं. पिना किंवा बुश झिजले की मागून सतत थरथर येते, आणि सोडून ठेवायला वेगळा स्टँड लागतो.

दोनचाकी जास्त वजन घेतो, सुटा उभा राहतो, त्यावर उघडणारा तंबूही बसवता येतो. त्याचा धोका वेगळा आहे आणि तो स्वाराला जाणवत नाही. ३५ अंश झुकवून घेतलेल्या वळणात वजनाच्या सुमारे ०.७ पट आडवा जोर लागतो. मोटरसायकल झुकून तो पेलते. ट्रेलर झुकत नाही. चाकांमधलं अंतर ९० सेंटीमीटर आणि भरलेल्या ट्रेलरचा वजनाचा मध्य ६० सेंटीमीटर उंच असेल, तर ४५ भागिले ६०, म्हणजे ०.७५ पटीला आतलं चाक उचलतं. तुम्हाला मजेचं वाटणारं वळण ट्रेलरसाठी उलटण्याच्या काठावरचं असतं, आणि तिथे आतल्या चाकाखाली एखादा दगड आला तरी पुरतो. तोच मध्य ४० सेंटीमीटरवर आणला तर ही मर्यादा १.१ पटीवर जाते. टपावर सामान बांधू नका असं आम्ही वारंवार सांगतो ते यासाठी.

प्रश्न : हिच मागच्या सामानाच्या कॅरिअरला वेल्ड केली तर चालेल का? आणि ट्रेलरची दांडी पेटीजवळ तडकली आहे, वरून वेल्ड मारून घेऊ का?

दोन्हींना नाही.

कॅरिअर वरून ठेवलेलं थोडं सामान पेलण्यासाठी असतं. ट्रेलर त्याला मागे ओढतो, पुढे ढकलतो आणि आडवा पिळतो. हिचची चौकट मुख्य सांगाड्याला किमान चार ठिकाणी बोल्टने बसली पाहिजे. दोन बिंदू खाली, स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) जिथे सांगाड्याला जोडलेला असतो त्या पिव्हटच्या आसपासच्या सांगाड्यावर किंवा मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर, आणि दोन वर, शॉकअपच्या वरच्या टोकाजवळ, म्हणजे बाजूने त्रिकोण तयार होतो. ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि नायलॉनचे लॉकनट वापरा, पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा कसा. दोनचाकी ट्रेलरसाठी हिच स्विंगआर्मवर नको, कारण मागचं चाक जितकं उडेल तितकी दांडीही उडते. बॉल मागच्या आसाच्या साधारण उंचीवर आणि टायरच्या जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा, मात्र शॉकअप पूर्ण दबल्यावर टायर किंवा मडगार्ड त्याला लागत नाही हे दोघांना सीटवर बसवून तपासा.

कारसाठी बनवलेला कपलर बॉलवर फार थोडा कलतो. मोटरसायकल त्याहून खूप जास्त झुकते. मधे पूर्ण फिरणारा स्विव्हेल, म्हणजे दांडीला स्वतःभोवती फिरू देणारा जोड, नसेल तर झुकलेली गाडी कपलरला पहार घातल्यासारखी उचकटते. जोडून झाल्यावर एका माणसाने गाडी धरून फूटरेस्ट टेकेपर्यंत दोन्ही बाजूंना झुकवावी, हँडल पूर्ण वळवून पुन्हा झुकवावी, आणि दुसऱ्याने दांडी सायलेन्सरला, साखळ्या जमिनीला आणि वायर कशातही अडकत नाही ना ते बघावं. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांडीखाली एकमेकींना फुली मारून जातात, म्हणजे बॉल सुटला तरी दांडी त्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही.

आता तड. चौकोनी पाइपची दांडी जिथे पेटीच्या पुढच्या आडव्या पाइपला मिळते, तिथे आडवं वेल्ड मारलेलं असतं आणि दर खड्ड्याला दांडी नेमकी तिथेच वाकते. तड वेल्डच्या कडेने सुरू होते. सुरुवातीला रंगात केसाएवढी रेघ आणि तिच्यातून झिरपलेला गंज इतकंच दिसतं. त्यावर वरून वेल्ड मारलं तर तड आत तशीच राहते आणि काही दिवसांत शेजारून फुटते. तड पूर्ण खरवडून काढून भरावी, मग दांडीच्या दोन्ही कुशींना टोकं निमुळती केलेल्या पट्ट्या लावून वेल्ड लांबीच्या दिशेने घ्यावं. त्याहून चांगला उपाय म्हणजे दांडी बदलून ५० × ५० × ३ मिलिमीटरचा पाइप पेटीखालून थेट आसापर्यंत नेणं आणि तिथे बोल्टने आवळणं. मग वाकण्याचा ताण एकाच जागी साचत नाही.

प्रश्न : ट्रेलरचे दिवे जोडल्यापासून इंडिकेटर भराभर लुकलुकतो आणि ब्रेक दाबला की टेललाइट मंद होतो.

टेललाइट मंद होणं म्हणजे अर्थिंग कच्चं. बॉल आणि कपलर यांच्या स्पर्शातून अर्थ मिळतो असं समजून ही वायर अनेकजण गाळतात. तिथे ग्रीस आणि गंज असतो. प्लगपासून ट्रेलरच्या प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र अर्थची वायर न्या.

इंडिकेटरचं कारण भार बदलणं हे आहे. २१ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर घेतो. जुना फ्लॅशर ठरावीक भारासाठी असतो आणि नव्या गाड्यांत संगणकाला जादा भार म्हणजे बिघाड वाटतो. गाडीच्या वायरी कापून त्यांना जोड देऊ नका. ट्रेलरसाठी मिळणारं वेगळं मॉड्यूल घ्या. ते गाडीच्या दिव्यांकडून फक्त इशारा घेतं आणि ट्रेलरला वीज थेट बॅटरीवरून, १० अँपिअरच्या फ्यूजमधून देतं. काही ट्रेलरवर ब्रेक आणि इंडिकेटर एकाच दिव्यात असतात, मोटरसायकलवर मात्र ते वेगळे. अशा वेळी हे सिग्नल एकत्र करणारं मॉड्यूल मागा. ट्रेलरला एलईडी दिवे लावले की उरलेल्या अडचणी बऱ्याच कमी होतात.

प्रश्न : सामान वाहायच्या ढकलगाडीची चाकं लावून स्वस्तात ट्रेलर बनवता येईल?

नाही. ती चाकं माणसाच्या चालीसाठी बनतात. ८ इंची रिमवरचं सुमारे ४१ सेंटीमीटर व्यासाचं चाक ताशी ८० ला मिनिटाला हजाराहून जास्त फेरे घेतं, तेव्हा मोटरसायकलचं चाक पावणेसातशेच्या आसपास फिरत असतं. रस्त्यासाठी शिक्का असलेले टायर आणि टेपर रोलर बेअरिंगचे हब हवेत. १२ इंची रिम मिळाली तर आणखी चांगलं, फेरे आठशेवर येतात आणि खड्ड्यात चाक कमी रुततं.

बेअरिंग बसवताना चाक फिरवत फिरवत नट जड होईपर्यंत कसा, मग पूर्ण सैल करून फक्त बोटांनी आवळा, कॉटर पिनचं छिद्र जुळेना तर कसण्याऐवजी किंचित सैल करून जुळवा. कसलेलं बेअरिंग तापतं आणि वाजायच्या आधीच जळतं. पहिल्या २० किलोमीटरवर आणि नंतर प्रत्येक थांब्यावर हबला हात लावा. हात ठेवता येत नसेल तर पुढे जाऊ नका. ओढा ओलांडायचा असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं थांबा, कारण तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते.

प्रश्न : रिकामा असताना ट्रेलर चेंडूसारखा उडतो.

टायरवर छापलेला ६० पीएसआयचा आकडा टायरच्या कमाल वजनासाठी आहे. दर चाकावर ४० किलो असताना २० ते २५ पासून सुरुवात करा. टायरवर खडूची आडवी रेघ मारून थोडं सरळ चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, फक्त कडा पुसल्या तर कमी. फार मऊ टायरही डोलायला लावतो. हवा जमवूनही उडत असेल तर स्प्रिंग किंवा रबरी टॉर्शन आस तुमच्या वजनापेक्षा खूप मोठ्या क्षमतेचा आहे. २५० किलोंचा आस ८० किलोंना हलतच नाही, तो बदलावाच लागतो.

प्रश्न : झाकण घट्ट असूनही पेटीत धूळ शिरते.

चालताना पेटीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूळ मागच्या फटीतून आत ओढली जाते. पुढच्या बाजूला, वर, फोमचा फिल्टर लावलेलं छोटं झडप ठेवा, म्हणजे हवा पुढून आत येते आणि मागच्या फटींतून बाहेर जाते. तळाच्या खोलगट कोपऱ्यात ६ मिलिमीटरचं एक छिद्रही ठेवा. पेट्रोलचा कॅन आणि गॅसचा डबा मात्र या बंद पेटीत ठेवू नयेत, ते बाहेर, मोकळ्या हवेत बांधावेत.

प्रश्न : तंबू ट्रेलरवरच उघडतो. मुक्कामावर ट्रेलर कसा लावावा? उलटा घेताना तो लगेच आडवा होतो.

दांडी आखूड असल्याने आडवा होणारच. मोटरसायकलने मागे रेटत बसू नका. जागेच्या तोंडाशीच सोडा आणि हाताने नेऊन लावा. हिचवर दहा किलो असलेला ट्रेलर सपाट जमिनीवर एक माणूस सहज वळवतो. सोडण्याआधी दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, मग दिव्यांचा प्लग, मग साखळ्या, शेवटी कपलर. स्वयंपाकाचं सामान आधी काढून मागे अंथरुणं तशीच राहिली असतील तर कपलर उघडताच दांडी हनुवटीवर येऊ शकते, म्हणून दांडीवर गुडघा ठेवून लॉक उघडा. चारही कोपऱ्यांचे पाय टेकवून झाल्याशिवाय तंबूत चढू नका. मागचे पाय नसतील तर तुमच्या वजनाने ट्रेलर मागे कलंडतो. पाय मऊ जमिनीत रात्रभरात खचतात, त्यांच्याखाली हातभर फळीचे तुकडे ठेवा आणि झोपण्याआधी एकदा पुन्हा कसून घ्या.